पांढरं पाकीट आणि २४६ डॉलर

*ताई, सप्रेम नमस्कार.*

*आम्ही सॅक्रामेंटोच्या पूर्वेला एका उपनगरात राहतो. २०१६ मध्ये घर घेतलं, दोघांच्या नावावर. दोघंही ग्रीन कार्डवर आहोत. गेल्या आठवड्यात सिटीकडून एक जाड पांढरं पाकीट आलं. आमच्या वस्तीतली झाडं, मागची पायवाट आणि दिवे यांच्या देखभालीसाठी टॅक्स बिलातून वर्षाला ११८ डॉलर जातात, ते २४६ करायचेत. पुढे दर वर्षी महागाईप्रमाणे तीन टक्क्यांपर्यंत वाढ. त्यासाठी घरमालकांची मतं मागवली आहेत, आत बॅलट आहे.*

*नवरा म्हणतो, प्रॉपर्टी टॅक्स वर्षाला दोन टक्क्यांपेक्षा जास्त वाढवताच येत नाही, हे बेकायदा आहे, फेकून दे. वस्तीतल्या आपल्या लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘सगळ्यांनी नो करा’ असं ठरलंय. एकानं तर घाबरवलं, की सिटिझन नसताना मत दिलंत तर पुढे नागरिकत्वाच्या अर्जात अडकाल. शेजारच्या आजी एकट्या आहेत, पेन्शनवर जगतात, त्यांना ही वाढ खरंच जड आहे. आणि माझं म्हणाल तर सांगलीहून आलेल्या सासूबाई रोज संध्याकाळी त्याच पायवाटेवर फिरतात. त्यातले तीन दिवे बंद आहेत आणि निम्मी हिरवळ वाळली आहे. मला ‘हो’ म्हणावंसं वाटतं, पण घरात आणि ग्रुपमध्ये एकटी पडेन. काय करू?*

सप्रेम नमस्कार.

पाकीट फेकलं नाहीत, हे बरं केलंत. आधी भीतीचं बोलू, कारण ती मनात असेल तर पुढचं काही डोक्यात शिरायचं नाही.

हे मत निवडणुकीतलं मत नाही. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात स्पष्ट लिहिलंय, की असेसमेंटच्या (म्हणजे जागेला होणाऱ्या फायद्यापोटी मालकाकडून घ्यायच्या आकारणीच्या) बॅलटची ही प्रक्रिया राज्यघटनेच्या किंवा निवडणूक कायद्याच्या अर्थानं निवडणूक किंवा मतदान धरली जाणार नाही. ज्याच्या नावावर जागा, त्याला बॅलट. तो नागरिक आहे का, मतदार यादीत आहे का, त्या घरात राहतो तरी का, हे कोणी विचारत नाही. पुण्यात बसलेल्या माणसाच्या नावावर तुमच्या गल्लीत भाड्यानं दिलेलं घर असेल तर त्यालाही हे पाकीट पोस्टानं जातं. उलट त्या घरातला भाडेकरू जन्मानं अमेरिकन असला तरी साधारणपणे त्याला मत नाही. जमिनीवर बोजा चढवताना जमीनमालकाला विचारायचं, इतकाच हा मामला आहे.

तरी नोटिशीची एक प्रत जपून ठेवा. नागरिकत्वाच्या अर्जात ‘कधी मतदान केलं आहे का’ हा प्रश्न असतो. त्या वेळी मनात किंतू आला तर तो कागद इमिग्रेशनच्या वकिलाला दाखवता येईल. अर्ज आत्ताच आत असेल, तर बॅलट टाकण्याआधीच त्यांना एक फोन करा.

मात्र एक भेद पक्का लक्षात ठेवा, कारण ग्रुपवर तो सरसकट मिसळलेला दिसतोय. टॅक्स बिलाच्या खालच्या भागात ज्या बारीक ओळी असतात, त्या सगळ्या एका जातीच्या नसतात. शाळेसाठीचा पार्सल टॅक्स (प्रत्येक प्लॉटमागचा कर) किंवा वसलेल्या वस्तीत नव्यानं बसणारा मेलो-रूज (सार्वजनिक सोयींसाठीचा खास कर), यांवर नोंदणीकृत मतदार मत देतात, दोनतृतीयांश लागतात, आणि ती खरीखुरी निवडणूक असते. तिकडे ग्रीन कार्डवाल्यानं हात लावायचा नाही. तुमच्या हातात आहे ते लँडस्केपिंग आणि लायटिंगचं असेसमेंट, १९७२ च्या कायद्याखालचं. एचओएची, म्हणजे घरमालकांच्या संघटनेची, वर्गणी यात नाही, ती वेगळी. तुमच्या वस्तीत एचओए नसेल, तर ही झाडं आणि दिवे सांभाळायला या पैशाशिवाय बहुधा दुसरा पैसाही नसेल.

आता यजमानांचा मुद्दा. त्यांची अर्धी गोष्ट बरोबर आहे. १९७८ च्या प्रॉपोझिशन १३ नं, म्हणजे मतदारांनी थेट मंजूर केलेल्या कायद्यानं, मूळ प्रॉपर्टी टॅक्स एक टक्क्यावर बांधला, आणि घर विकेपर्यंत त्याची करासाठीची किंमत वर्षाला दोन टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. पण ती वेसण त्या एक टक्क्याला आहे. असेसमेंट घराच्या किमतीवर नसतंच, त्यामुळे ते त्या वेसणीबाहेर राहिलं. प्रॉपोझिशन १३ नं तिजोरी आवळल्यावर शहरांनी याच वाटेनं पैसे उभे करायला सुरुवात केली, लोक वैतागले, आणि ५ नोव्हेंबर १९९६ ला प्रॉपोझिशन २१८ मंजूर झालं. तुमच्या हातातलं बॅलट ही त्या २१८ ची देणगी. त्याआधी असं बॅलट घरोघरी येत नसे, बहुतेक वेळा कौन्सिलच्या ठरावावरच काम भागायचं. तेव्हा हे बेकायदा नाही, कायद्यानंच पाठवलेलं आहे. यजमानांना हे सांगताना फार जिंकल्यासारखं सांगू नका.

आता मतमोजणीकडे येते. इथे आपली माणसं हमखास फसतात, कारण आपल्या डोक्यात सोसायटीची सर्वसाधारण सभा असते. गच्चीवर सतरंजी, चहा-बिस्किटं, हात वर करा, एका सभासदाला एक मत. वन बीएचकेवाल्यालाही एक आणि टेरेसवाल्यालाही एक. सेवाशुल्कही सगळ्या फ्लॅटना सारखं. इथे तसं नाही. इथे ज्याला जितके डॉलर भरायचे, तितकं त्याच्या मताचं वजन.

तुम्ही नोटिशीचा फोटो पाठवलात म्हणून मला आकडे मांडता आले. तुमच्या डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे हे असेसमेंट लागू असलेल्या हद्दीत, ६४० घरं आहेत, प्रत्येकी २४६ डॉलर. मागच्या बाजूला अपार्टमेंट कॉम्प्लेक्स आहे, त्याला १४० घरांइतका आकार लावलाय, म्हणजे ३४,४४० डॉलर, आणि मालक एकच. कोपऱ्यावरचं शॉपिंग सेंटर ५० घरांइतकं, १२,३०० डॉलर. सिटीचं स्वतःचं उद्यान दहा घरांइतकं. एकूण ८४० घरांचा हिशेब.

आता समजा २२० घरांनी बॅलट परत पाठवली, बाकीच्यांची फ्रिजच्या दारावर मॅग्नेटखाली राहिली. त्यातली १३० ‘नाही’, ९० ‘हो’. ग्रुपवर पेढे वाटले जातील. पण अपार्टमेंटवाल्यानं ‘हो’ टाकलं असेल, तर ९० अधिक १४०, म्हणजे २३० विरुद्ध १३०. वाढ मंजूर. आणि जी ४२० बॅलट आलीच नाहीत, ती कुठल्याच बाजूला धरत नाहीत. आलेल्या बॅलटांत विरोधाचं वजन जास्त भरलं तरच वाढ अडते. अगदी समसमान झालं तरी अडत नाही. म्हणून ‘फेकून दे’ हा विरोध नव्हे. यजमानांना विरोधच करायचा असेल तर त्यांनी ‘नाही’वर खूण करून बॅलट पाठवलं पाहिजे.

सिटीच्या उद्यानालाही मत कसं, असं तुम्ही विचाराल. सरकारी जागेला फायदा होत असेल तर तिनंही आपला वाटा उचलायचा, असं २१८ म्हणतं, आणि वाटा आला की मताचं वजनही आलं. पण त्याचा हिशेब चोख हवा. सॅन डिएगोत गोल्डन हिल नावाची जुनी वस्ती आहे, तिथलं असंच देखभालीचं डिस्ट्रिक्ट २०११ मध्ये अपील कोर्टानं रद्द ठरवलं. शहराच्या मालकीच्या जागांना किती फायदा आणि म्हणून मताचं किती वजन, हे कशाच्या आधारावर ठरवलं ते रिपोर्टमध्ये धड सांगितलेलंच नव्हतं.

तर आता तो रिपोर्ट. तुमच्या नोटिशीच्या तळाशी लिहिलंय, की इंजिनिअर्स रिपोर्ट, म्हणजे खर्च किती आणि कोणाला किती आकार याचा हिशेब, सिटी क्लर्कच्या ऑफिसात पाहायला मिळेल. बहुतेक सिटीच्या वेबसाइटवरही असेल. तो उघडा. मी निवृत्त होण्याआधी सतरा वर्षं अशाच एका सिटीच्या हिशेबखात्यात होते, आणि छातीवर हात ठेवून सांगते, एखाद्या वर्षी हा रिपोर्ट मागायला आलेली माणसं एका हाताच्या बोटांवर मोजावीत. साठ-सत्तर पानं असतात, पण तुम्हाला चारच पानांशी काम आहे.

पहिलं म्हणजे तुमच्या भागाचं अंदाजपत्रक. पाणी, वीज, माळीकाम, झाडांची छाटणी, दुरुस्ती, सिटीचा प्रशासकीय खर्च अशा ओळी दिसतील. प्रशासकीय खर्चाच्या ओळीवर बोट ठेवा. एकूणाच्या मानानं ती फुगलेली वाटली तर तो प्रश्न हिअरिंगला, म्हणजे कौन्सिलसमोरच्या जाहीर सुनावणीत, विचारायचा. माळीकाम कंत्राटावर असेल तर टेंडर शेवटचं कधी काढलं, हेही विचारा. आमच्याकडे एकच कंत्राटदार वर्षानुवर्षं पुढे पुढे वाढवत नेला जायचा, आणि त्याला कोणी विचारलं नाही कारण विचारायला कोणी आलंच नाही.

दुसरं, शिल्लक. इथे ग्रुपवरचा एखादा हिशेबी माणूस नक्की उसळणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते. ३० जूनला खात्यात मोठी रक्कम दिसली की ‘बघा, पैसे पडून आहेत आणि वर मागतायत’ असं वाटतं. पण सिटीचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं, आणि टॅक्स बिलाचा पहिला हप्ता भरायची मुदत १० डिसेंबर. म्हणजे जुलै ते डिसेंबर, ऐन उन्हाळ्यासकट, जेव्हा पाण्याचं बिल सगळ्यात मोठं असतं, तेव्हा नवा पैसा येतच नाही. तेवढ्या महिन्यांचा खर्च हाताशी ठेवायला १९७२ च्या कायद्यानंच परवानगी आहे. साधारण सहा महिन्यांच्या खर्चाइतकी शिल्लक म्हणजे घरातला डब्यातला किराणा समजा. त्याहून बरीच जास्त असेल, आणि ती कुठल्या कामासाठी साठवली ते लिहिलेलं नसेल, तर मात्र बोलायला जागा आहे. आणि शिल्लक शून्याखाली गेली असेल, तर तुमचे तीन दिवे का लागत नाहीत ते तुम्हाला कळलंच.

तिसरं, खास फायदा आणि सर्वसाधारण फायदा यांची फोड. शब्द जड आहेत, अर्थ साधा आहे. तुमच्या घरामागच्या पायवाटेचा तुम्हाला जो वेगळा लाभ होतो त्याचेच पैसे तुमच्याकडून घेता येतात. शेजारच्या वस्तीतली मुलं त्याच वाटेनं सायकलवरून शाळेत जात असतील, तर तो सर्वसाधारण फायदा, आणि तेवढा हिस्सा सिटीनं दुसरीकडून घालायचा. सांता क्लारा काउंटीत मोकळ्या जागांसाठी घराला वर्षाला अवघे २० डॉलर असं असेसमेंट बसवलं होतं. मतांत ते पास झालं, तरी २००८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं ते रद्द केलं, कारण सगळ्या जनतेच्या फायद्याला त्यांनी खास फायदा म्हटलं होतं. रक्कम वीस डॉलरची आहे म्हणून कोर्टानं सोडलं नाही. हे सिद्ध करायची जबाबदारीही सिटीवर असते, तुमच्यावर नाही. तेव्हा तुमच्या रिपोर्टमध्ये सर्वसाधारण फायदा किती टक्के धरलाय ते बघा. ‘शून्य’ लिहिलं असेल तर मला शंका येईल.

चौथं पान तुमच्यासाठी सगळ्यात कामाचं: वाढ का लागली याची कहाणी. ती जवळजवळ सगळीकडे एकच असते. बिल्डर मोकळी जमीन घेतो. प्लॉट विकले जायच्या आधी, सगळी जमीन त्याच्या एकट्याच्या नावावर असताना, डिस्ट्रिक्ट स्थापन होतं. मत एकच, त्याचं, आणि ते ‘हो’. मग घरं विकली जावीत म्हणून प्रवेशाशी कारंजं, दुभाजकावर गुलाब, चहूकडे हिरवळ. आणि विकत घेणाऱ्याच्या डोळ्यात भरू नये म्हणून वर्षाचा आकडा कमी. तुमच्या नोटिशीत लिहिलंय, की ११८ डॉलर १९९८ पासून बदललेलेच नाहीत. महागाईवाढीचं कलम तेव्हा घातलंच नव्हतं. दरम्यान पाणी महागलं, वीज महागली, मजुरी वाढली, आणि पंचवीस वर्षांचे स्प्रिंकलरचे पाइप जमिनीत फुटायला लागले. फुललेली हिरवळ बिल्डर दाखवून गेला आणि तिचं पोट भरायचं काम तुमच्याकडे आलं.

मी साधा हिशेब करून पाहिला. अमेरिकेतली सरासरी महागाई धरली तर १९९८ चे ११८ डॉलर म्हणजे २०२४ चे सव्वादोनशेच्या किंचित वर. तुमच्याकडे मागतायत २४६. म्हणजे दुप्पट हा शब्द ऐकायला भयंकर आहे, पण खऱ्या अर्थानं वाढ आहे ती वीसेक डॉलरची. बाकीची गेली पंचवीस वर्षं कोणी मागितलीच नाही.

माझं लक्ष त्यापेक्षा त्या तीन टक्क्यांकडे गेलं. हे कलम एकदा मंजूर झालं, की त्या मर्यादेतल्या वाढीसाठी पुन्हा पाकीट येणार नाही. कौन्सिल वार्षिक हिअरिंगमध्ये ठरवेल आणि बिलात येईल. दर वर्षी पुरे तीन टक्के धरले तर दहा वर्षांनी ३३० च्या आसपास, वीस वर्षांनी ४४४. मी या कलमाच्या विरोधात नाही. ते नसल्यामुळेच तुमची वस्ती आज या अवस्थेला आली. पण मत २४६ ला देतोय असं समजून देऊ नका, २४६ अधिक या कलमाला देताय. प्रत्यक्ष महागाई कमी असेल तर वाढही तेवढीच राहणार की सरळ तीन टक्के, हे शब्द नोटिशीत नीट वाचा. तुमच्या फोटोत ती ओळ घडीत गेली आहे.

आणखी एक गोष्ट मी विचारेन. कॅलिफोर्नियात २०२३ मध्ये कायदा झाला, त्यानुसार जानेवारी २०२७ पासून स्थानिक सरकारांच्या जागांवर निव्वळ शोभेच्या हिरवळीला पिण्याचं पाणी घालायला बंदी आहे. झाडांना घालता येतं, मुलं खेळतात त्या मैदानाला घालता येतं. दुभाजकावरच्या, कुणी पाय ठेवत नाही अशा लॉनला नाही. म्हणजे तुमची ती वाळलेली हिरवळ परत हिरवी करण्यासाठी पैसे मागत असतील तर तो खुळेपणा आहे. ती काढून कमी पाण्याची झुडपं आणि ठिबक लावायला मागत असतील तर शहाणपण आहे. रिपोर्टमध्ये कोणतं लिहिलंय?

‘नाही’ जिंकलं तर काय, हे ग्रुपवर कोणी बोललेलं दिसत नाही. ११८ चालूच राहतात, आणि ११८ मध्ये जेवढं होईल तेवढं होतं. छाटणी दोन वर्षांतून एकदाऐवजी पाच वर्षांतून, दिव्याचा खांब पडला तर काढून नेतात आणि नवा लावत नाहीत, कारंजं बुजवून त्यात दगड भरतात. लोकांना वाटतं सिटी धमकी देतेय. धमकी नसते. मी ते अंदाजपत्रक कापलेलं आहे, पाण्याची ओळ कापता येत नाही म्हणून छाटणीची कापायची, असं करत करत. सगळ्यात वाईट वाटायचं ते झाडांचं. लॉन वाळलं तर पुन्हा लावता येतं. पंचवीस वर्षांचा ओक दोन उन्हाळे पाण्यावाचून गेला की गेला.

तुमच्या शेजारच्या आजींचं मला वाईट वाटतं, आणि त्यावर सोपं उत्तर नाही. असेसमेंट फायद्याच्या प्रमाणात लावायचं असतं, त्यामुळे उत्पन्न कमी म्हणून त्यांना सूट देऊन तो भार तुमच्यावर टाकायला कायद्यात जागा नाही. सिटीनं स्वतःच्या सर्वसाधारण निधीतून त्यांचा वाटा भरला तर गोष्ट वेगळी, आणि तो प्रश्न हिअरिंगला विचारण्यासारखा आहे. पण त्यांना ‘नाही’ म्हणायचं असेल तर त्यांचं मन वळवायला जाऊ नका. त्यांचं बॅलट पोस्टात टाकायला मदत मात्र जरूर करा, त्यात काहीही खूण असो.

ग्रुपचं काय? एक अवघड गोष्ट तुम्हाला माहीत असलेली बरी. हे गुप्त मतदान नाही. हिअरिंग संपेपर्यंत पाकिटं बंद असतात, पण मोजणी सुरू झाली की बॅलट सार्वजनिक दस्तऐवज होतात. कोणत्या घरानं काय खूण केली हे कोणीही मागून बघू शकतं. कोणी बघेल असं मला वाटत नाही. तेवढे कष्ट घेणारे असते तर त्यांनी आधी रिपोर्ट वाचला असता. पण ग्रुपवर ‘मी पण नो’ लिहून पाकिटात ‘हो’ घालायचा विचार असेल, तर तो सोडा. मला वाटतं तुम्ही ग्रुपवर मत मांडूच नये, अंदाजपत्रकाचं ते एक पान टाकावं, खाली एक ओळ: ‘शिल्लक आणि पाण्याचा खर्च बघा.’ वाद घालायचा तो आकड्यांशी घालतील. दोघं-तिघं गप्प होतील, एखादा मनातल्या मनात बदलेल. गणपतीच्या वर्गणीवरून आपल्याकडे किती महाभारतं झाली आहेत, त्या मानानं हे किरकोळ आहे.

घरातलं जरा नाजूक आहे. घर दोघांच्या नावावर, पण वजन एका घराचंच, २४६. एकाची सही असली तरी चालते. दोघांनी दोन वेगळी बॅलट पाठवली, तर ते वजन मालकीच्या हिश्श्याप्रमाणे वाटलं जातं. तुमचं १२३ ‘हो’, त्यांचं १२३ ‘नाही’, म्हणजे दोन तिकिटं खर्चून शून्य. हा संसार आहे, मला कळतं, पण पोस्टाला त्यात ओढू नका. माझं ऐकाल तर बॅलटचा विषय चार दिवस काढूच नका. यजमानांना एका संध्याकाळी सासूबाईंबरोबर त्या वाटेवर पाठवा, अंधार पडल्यावर. तुम्ही जाऊ नका, नाहीतर तुम्ही मुद्दे सांगत बसाल. परत आल्यावर ते चार पानं वाचायला तयार झाले तर उत्तम. वाचूनही ‘नाही’ म्हणाले, आणि कारण सर्वसाधारण फायद्याचा आकडा किंवा प्रशासकीय खर्च असं काही ठोस असेल, तर तेही योग्य उत्तर आहे आणि मी त्यांची बाजू घेईन.

मला विचारलंत म्हणून माझं मत: शिल्लक पाच-सहा महिन्यांच्या खर्चाच्या आत असेल, सर्वसाधारण फायद्याचा हिस्सा सिटी स्वतः घालत असेल, आणि लॉन काढण्याची योजना लिहिलेली असेल, तर मी ‘हो’ टाकेन. महिन्याला दहा-अकरा डॉलरचा फरक आहे. यांपैकी दोन गोष्टी नसतील तर मी ‘नाही’ टाकून हिअरिंगला जाईन आणि सुधारून पुन्हा आणा म्हणून सांगेन.

हिअरिंग नोटीस टाकल्यापासून किमान ४५ दिवसांनी असते, तुमची तारीख अजून पाच आठवडे दूर आहे. तेवढ्या वेळात मन बदललं तरी हरकत नाही. जनतेचं बोलणं संपेपर्यंत आधी दिलेलं बॅलट मागे घेऊन दुसरं देता येतं, क्लर्ककडे मागायचं. पोस्टानं पाठवणार असाल तर पोस्टाचा शिक्का कामाचा नाही, जनतेचं बोलणं संपण्याआधी ते सिटीच्या हातात पडायला हवं. मी तर म्हणेन सिटी हॉलमध्ये स्वतः नेऊन द्या. हिअरिंगला सासूबाईंनाही न्या. बोलायला तिथे कोणालाही उभं राहता येतं, मालकी लागत नाही. त्या मराठीत बोलल्या तर तुम्ही शेजारी उभं राहून सांगा. रोज त्या वाटेवर चालणारं माणूस कौन्सिलसमोर क्वचितच येतं.

आणि पाकीट चिकटवण्याआधी एकदा उघडून बघा. खूप वर्षांपूर्वी आमच्या स्वतःच्या वस्तीच्या बॅलटवर मी मोठ्या ऐटीत खूण केली, पाकिटाच्या मागे सही ठोकली आणि टाकलं. मत बाद. सही आतल्या कागदावर हवी होती, खुणेच्या खाली, आणि तसं ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं. मोजणीच्या टेबलाशी माझ्याच खात्यातल्या मुली बसल्या होत्या. त्यांनी ते पाकीट कितीतरी दिवस माझ्या टेबलावर ठेवून दिलं होतं.